दहावा

रहमीमशेठ परवा पहाटे गेले.
झोपेत. नव्वदीला दोन कमी.
डॉक्टर म्हणाला, काही त्रास झाला नसणार.

हे मला नवीन नव्हतं.
जुन्या स्तोत्रांत कुणीतरी हेच गाऱ्हाणं घेऊन
देवाच्या उंबऱ्यावर बसलेला असतो:
यांचं मरणसुद्धा इतकं सरळ कसं?

मी आणि एलिझरनं त्यांना अंघोळ घातली.
विहिरीचं पाणी, कोमट करून, डोक्यापासून खाली.
पाय आले तसा मी थांबलो.
अठ्ठ्याऐंशी वर्षं, आणि टाचेला एक भेग नाही.
माझ्या बापाच्या टाचा घाण्याच्या बैलामागे फिरून
अशा फुटल्या होत्या
की कफनाचं सूत अडकलं होतं त्यांत.

हेच पाय कब्रस्तानच्या मागच्या अंगाला
टेप धरून चालले होते, सुरूच्या बनापर्यंत,
बरोबर मुंबईचा पाहुणा.
सातबाऱ्यावर नाव कसं चढलं
हे ज्यानं विचारलं, त्या तलाठ्याची बदली झाली म्हसळ्याला.
मी दावा लावला. अलिबागला एकोणीस वर्षं तारखा.
आता तिथे बंगला आहे, पोहायला निळं पाणी आहे,
आणि त्या निळ्याच्या खाली कुठेतरी
माझी बहीण सिम्हा, सहा वर्षांची, घटसर्पानं गेलेली.
तिचा दगड मला दिसला एकदा, फाटकातून.
नळाखाली. कपडे आपटायला.
अक्षरं खालच्या बाजूला असतील.

आणि तरी दर शनवारी आम्ही त्यांचीच वाट बघायचो.
कारण आम्ही नऊ.
बाकीचे लोदला गेले, अश्दोदला गेले,
कुलपांच्या किल्ल्या माझ्याकडे ठेवून.
दहा झाल्याशिवाय पोथीची पेटी उघडत नाही,
मेलेल्यांसाठी काद्दीश म्हणता येत नाही.
मग पायरीवर काठी वाजायची.
हजान मान वर करायचा: आले. चला.
आणि आम्ही सुरू करायचो,
ऊठ, किती दिवस नुसता बघत राहशील,
खोट्यांचे दात पाड.
त्या ओळीला त्यांचं आमेन सगळ्यांत खणखणीत.
कवळी होती.

शापालासुद्धा त्यांच्याशिवाय कोरम नव्हता.

कधीकधी ती ओळ मी मुद्दाम सावकाश म्हणायचो,
त्यांच्याकडे बघत.
मी चुकलोय असं वाटून
ते बोटानं पान दाखवायचे.
फार उशिरा लक्षात आलं माझ्या:
तेही कुणाला तरी डोळ्यांसमोर आणून म्हणत असतील ती.
दावा तर मीच लावला होता.

खड्डा आखूड पडला.
जागाच तेवढी उरलेली, भिंतीला लागून.
गुडघे किंचित मुडपून ठेवले त्यांचे.
हा न्याय म्हणायचा का? हा, वीतभर?
भिंतीपलीकडे तलावाचा पंप चालू होता.
मुलगा हैफाहून निघालेला, पोचला नव्हता.
एलिझरनं माणसं मोजली.
परत मोजली, बोटं दुमडून.
चांगुणाचा नवरा टोपी काढून उभा होता एका कडेला,
पण तो आमच्या मोजणीत येत नाही.
काद्दीश न म्हणताच माती लोटली.

संध्याकाळी चांगुणा सुकट घेऊन आली.
गावात अजून आम्हाला शनवारतेलीच म्हणतात,
तीही म्हणते. विचारलं,
शेठचा दहावा कधी?
आमच्यात दहावा नसतो, मी म्हटलं,
आणि माझं मलाच ते वाक्य
जरा जास्त ऐकू आलं.
मग कावळा?
तोही नाही.
म्हणजे त्यांचं काय राहिलं, काय फिटलं, कळायचं कसं?
कळत नाही, बाई. आमच्यात नुसतं विचारत राहतात.
ती टोपली उचलून गेली. सुकटीचे पैसे राहिलेच द्यायचे.

आज शनवार.
पेटी बंदच राहिली.
तरी मी स्तोत्र म्हटलं, एकट्यानं म्हणता येतं तेवढं,
दातांच्या ओळीपर्यंत आलो
आणि सवयीनं थांबलो,
आमेनसाठी.